वेगाची कसोटी थांबण्यात

वेगवान आगगाडीचा विषय निघाला की चर्चा दोनच ठरावीक वाटांनी जाते. एका पक्षाला ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात राष्ट्राच्या प्रगतीचे दर्शन घडते. दुसऱ्याला त्यात मूठभरांची चैन आणि डोईजड कर्ज एवढेच दिसते. मुंबई ते अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या लोहमार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसविली गेली, तेव्हापासून महाराष्ट्रातील वाद याच दोन वाटांनी चालत आला आहे. जमिनीचा मोबदला, जपानी कर्जाची परतफेड, तिकिटाचा संभाव्य दर, वांद्रे-कुर्ला संकुलातील मोक्याची जागा या सर्व प्रश्नांवर भरपूर लिहिले आणि बोलले गेले. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. एवढ्या वेगाने धावणाऱ्या गाडीत बसलेला माणूस सुरक्षित राहतो तो कशामुळे? आणि ज्या कारणांनी तो सुरक्षित राहतो ती कारणे कर्जत, कसारा किंवा विरारच्या गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला लाभू नयेत, असा काही निसर्गनियम आहे काय?

प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर बव्हंशी तांत्रिक नाही. वेगवान गाड्यांचा इतिहास आता साठ वर्षांहून मोठा झाला आहे. त्यात अभिमानाने सांगावे असे पुष्कळ आहे आणि मान खाली घालावी असेही काही आहे. तो सबंध इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती थांबविण्याची व्यवस्था आणि थांबविण्याची मनाची तयारी किती आहे, यावर प्रवाशाचे प्राण अवलंबून असतात, असेच आढळून येते.

साठ वर्षांची साक्ष

१ ऑक्टोबर १९६४ रोजी जपानमध्ये टोकियो ते ओसाका या ५१५ किलोमीटरच्या मार्गावर शिंकान्सेन गाडी सुरू झाली. तेव्हा तिचा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता. पुढे या मार्गांचे जाळे देशभर पसरले आणि वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर गेला. या सहा दशकांत गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी रुळांवरून घसरून शिंकान्सेनमधील एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. हा इतिहास अगदीच निष्कलंक आहे असे नव्हे. १९९५ मध्ये मिशिमा स्थानकावर एक विद्यार्थी दारात अडकून फरफटत गेला व मरण पावला. २०१५ मध्ये एका इसमाने धावत्या गाडीत स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा त्याच्याबरोबर दुसऱ्या एका प्रवाशाचाही बळी गेला. पण यंत्रणेच्या दोषामुळे गाडीचा चुराडा झाला आणि माणसे दगावली, असे तेथे घडले नाही. ज्या भूमीला भूकंपाचे हादरे नित्याचे आहेत त्या भूमीवर हे साधले गेले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी निईगाता प्रांतात मोठा भूकंप झाला, तेव्हा नागाओका शहराजवळ एक शिंकान्सेन गाडी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावत होती. तिच्या दहांपैकी आठ डब्यांची चाके रुळांवरून उतरली, तरीही गाडी उलटली नाही आणि आतील दीडशेच्या आसपास प्रवाशांपैकी कोणी जखमीही झाले नाही. मार्च २०११ मधील महाभूकंप व त्सुनामी यांनी ईशान्य जपान उद्ध्वस्त केला. त्या क्षणी तेथील शिंकान्सेन मार्गावर धावणाऱ्या प्रवासी गाड्या मात्र सुखरूप थांबल्या. यात दैवाचा भाग असेलही, परंतु योजनेचा भाग त्याहून मोठा आहे. भूकंपाची पहिली सौम्य लहर विध्वंसक लहरीच्या आधी पोहोचते. किनाऱ्यावर आणि मार्गालगत बसविलेली यंत्रे ती पहिली लहर टिपतात, विजेचा पुरवठा आपोआप तोडतात आणि चालकाने विचार करण्यापूर्वी गाडीचे ब्रेक लागू लागतात. मिळतात ती थोडीच सेकंदे. पण ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ८९ मीटर अंतर कापते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सेकंदांचे मोल कळते. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठीही अशी २८ भूकंपमापक यंत्रे योजिली आहेत. त्यांपैकी काही मार्गापासून दूर खेड, रत्नागिरी, लातूर व पांगरी येथे बसवावयाची आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने जे भोगले त्याची आठवण असलेल्या महाराष्ट्राला या योजनेचे मर्म निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भूकंपाखेरीज इतर वेळी उपयोगी पडणारे नियम तर याहून साधे आहेत. शिंकान्सेनचे रूळ स्वतंत्र आहेत. त्या मार्गांवरून सहसा मालगाडी धावत नाही आणि स्थानिक गाडीही नाही. मार्गावर एकही फाटक नाही. एवढ्या वेगात रुळांच्या कडेचा सिग्नल डोळ्यांनी वाचणे अशक्य असल्याने अनुज्ञेय वेग चालकासमोरच उमटतो आणि त्याने तो ओलांडला तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. मध्यरात्री बारापासून पहाटे सहापर्यंत मार्ग पूर्णपणे रिकामा असतो आणि ते सहा तास केवळ देखभालीचे असतात. सुमारे दर दहा दिवसांनी पिवळ्या रंगाची तपासणी-गाडी सबंध मार्गावरून फिरवून रुळांची व विजेच्या तारांची परीक्षा घेण्याची प्रथा तेथे अनेक दशके पाळली गेली. जपानमधील साध्या लोहमार्गांवरही संकटकाळी गाडी ६०० मीटरच्या आत थांबलीच पाहिजे असा दंडक दीर्घकाळ होता आणि तेथील साध्या गाड्यांचा कमाल वेग त्या दंडकानेच ठरत असे. म्हणजे गाडीने किती धावावे हे आधी ठरवून मग ती कशी थांबवावी याचा विचार तेथे झाला नाही. थांबण्याचे अंतर आधी निश्चित झाले आणि वेगाला त्याच्या मर्यादेत बसावे लागले.

शिस्त रक्तात नसते

यावर एक हमखास ऐकू येणारा शेरा असा की, जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे. तेथील नमुना आपल्याकडे कसा चालावा? हा शेरा सोयीचा आहे, पण इतिहासाला धरून नाही. १९५१ मध्ये योकोहामाजवळ साकुरागिचो येथे तुटलेल्या विद्युत तारेमुळे गाडीने पेट घेतला आणि १०६ माणसे डब्यांत कोंडून मेली. दरवाजे उघडता आले नाहीत आणि खिडक्या एवढ्या अरुंद होत्या की माणूस बाहेर पडू शकेना. हिदेओ शिमा हे अभियंते तेव्हा जपानी रेल्वेत उच्च पदावर होते. या दुर्घटनेनंतर त्यांनी नोकरी सोडली. १९५५ मध्ये शिंजी सोगो रेल्वेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी शिमा यांना परत बोलावून घेतले. शिंकान्सेनची कल्पना या दोघांनी तडीस नेली. जागतिक बँकेचे आठ कोटी डॉलरचे कर्ज मिळविले, अंदाजपत्रक मूळ आकड्याच्या जवळपास दुप्पट झाले म्हणून टीकेचा भडिमार सोसला, आणि गाडी सुरू होण्यापूर्वीच दोघांनाही पदावरून दूर व्हावे लागले.

त्याच काळात जुन्या मार्गांवर काय चालले होते? ३ मे १९६२ रोजी टोकियोतील मिकावाशिमा येथे तीन गाड्यांच्या अपघातात १६० जणांचे प्राण गेले. ९ नोव्हेंबर १९६३ रोजी त्सुरुमी येथे १६१ जणांचे. म्हणजे जगातील सर्वांत सुरक्षित गाडीची उभारणी चालू असताना तिच्या शेजारच्या रुळांवर शेकडो माणसे मरत होती. हे चित्र मुंबईकराला ओळखीचे वाटेल. फरक पडला तो पुढच्या कृतीत. मिकावाशिमाच्या धक्क्यानंतर जपानी रेल्वेने धोक्याचा सिग्नल ओलांडणारी गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा आपल्या सगळ्या मार्गांवर बसविण्याचे ठरविले आणि १९६६ पर्यंत ते काम पुरे केले. नव्या गाडीवर एवढा पैसा ओतणाऱ्या देशाने जुन्या गाडीतल्या प्रवाशाला वाऱ्यावर सोडले नाही. शिस्त तेथे रक्तातून आली नाही. ती माणसे गमावल्यावर, नियमांच्या व यंत्रांच्या रूपाने, पैसे खर्चून आणावी लागली.

आराम आणि त्याची किंमत

वेगवान गाडीच्या आरामाविषयी बोलताना गुबगुबीत आसने, थंड हवा आणि वेळेवर येणारा चहा यांचेच वर्णन बहुधा केले जाते. खरा आराम मात्र रुळांखाली आणि भिंतींत दडलेला असतो. शिंकान्सेनच्या पहिल्या मार्गाची वळणे निदान अडीच किलोमीटर त्रिज्येची ठेवली गेली, नंतरच्या मार्गांवर ती आणखी रुंद झाली. म्हणून वळणावर प्रवासी एका अंगाला कलंडत नाही. गाडी बोगद्यात शिरताच हवेचा दाब एकाएकी बदलून कानांत दडे बसतात. त्यासाठी डबे हवाबंद करावे लागले. अशा आरामाला जागा लागते, पैसा लागतो आणि तो प्रवाशाला दिसतही नाही.

आरामाची दुसरी बाजू गाडीबाहेरच्या माणसाची आहे. नागोया शहरात या मार्गालगत राहणाऱ्या नागरिकांनी गोंगाटाने आणि हादऱ्यांनी त्रस्त होऊन १९७४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढच्याच वर्षी शासनाने शिंकान्सेनच्या आवाजाची मर्यादा ठरवून दिली आणि तो दावा १९८६ मध्ये तडजोडीने मिटला. प्रवाशाची झोप मोडू नये म्हणून घेतलेली काळजी रुळांकाठच्या घरातील तान्ह्या मुलाच्या झोपेसाठीही घ्यावी लागते, हे तेथे रहिवाशांनी भांडून पदरात पाडून घेतले. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील ज्या गावांवरून नवा मार्ग जात आहे त्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

परंतु आराम आणि सुरक्षितता या नेहमीच एकमेकींच्या सख्या बहिणी असतात असे मानणे घातक आहे, हे जर्मनीने फार मोठी किंमत मोजून जगाला शिकविले. दख्खनच्या राणीच्या खानपान डब्यात बसून ज्यांनी घाट उतरला आहे त्यांना धावत्या गाडीतील कपबशीच्या किणकिणाटाचे काही वाटणार नाही. उलट त्यात मौजच वाटेल. जर्मन रेल्वेला मात्र १९९१ मध्ये सुरू झालेल्या आपल्या वेगवान गाडीच्या भोजन डब्यातील थरथर खुपू लागली. उपाय म्हणून एकसंध पोलादी चाके काढून त्यांच्या जागी बाहेरची पोलादी धाव आणि आतला गाभा यांच्यामध्ये रबराचा पट्टा असलेली चाके बसविण्यात आली. अशी चाके ट्रामगाड्यांना वापरली जात. थरथर थांबली. प्रवासी खूष झाले. पण प्रत्येक फेऱ्यात ती पोलादी धाव किंचित दबत होती, पुन्हा पूर्ववत होत होती, आणि आतल्या बाजूने थकत चालली होती. ३ जून १९९८ रोजी म्युनिकहून हॅम्बुर्गकडे ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने निघालेल्या गाडीच्या एका चाकाची धाव तुटली. पुढे एशेडे गावाजवळ रूळ बदलण्याच्या जागी गाडी घसरली, तिचा तडाखा रस्त्याच्या पुलाच्या खांबांना बसला आणि तो पूल डब्यांवर कोसळला. १०१ माणसे मरण पावली. भोजन डब्यातील किणकिणाट थांबविण्याच्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या निर्णयाची साखळी येथवर येऊन पोहोचली होती.

थांबवावयाचे कोणी?

एशेडेच्या हकिकतीतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग चाकाचा नाही. धाव तुटली ती अपघाताच्या जागेपासून सुमारे सहा किलोमीटर अलीकडे. तिचा तुकडा पहिल्या डब्याची जमीन फोडून दोन आसनांच्या मधून वर आला. तेथे बसलेल्या प्रवाशाने कुटुंबाला बाजूला नेले आणि तो रेल्वे कर्मचाऱ्याला शोधावयास धावला. कर्मचारी भेटला, परंतु नियमाप्रमाणे प्रथम प्रत्यक्ष पाहणी केल्यावाचून गाडी थांबविता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. ते दोघे पाहणीला निघाले असतानाच गाडी घसरली. हातात सुमारे दोन मिनिटे होती. ब्रेकची कळ जवळच होती. ती ओढण्याची मुभा मात्र कोणाच्याच मनात नव्हती.

हाच धडा १९ वर्षांनी जपानलाही मिळाला. ११ डिसेंबर २०१७ रोजी हाकाताहून टोकियोला निघालेल्या शिंकान्सेन गाडीत कर्मचाऱ्यांना जळका वास आला, विचित्र आवाज ऐकू आला. ओकायामा येथे देखभालीचे तंत्रज्ञ गाडीत चढले. त्यांनाही आवाज खटकला आणि पुढे तपासणी करावी असे त्यांचे मत पडले. नियंत्रण कक्षाशी बोलणे झाले, पण एकाने सुचविले आणि दुसऱ्याने ते नीट ऐकले नाही, अशा गोंधळात गाडी कोबे, ओसाका, क्योतो मागे टाकीत धावतच राहिली. अखेर नागोयाला ती थांबविली, तेव्हा चाके ज्या पोलादी चौकटीत बसविलेली असतात ती चौकट तडकून मोडण्याच्या बेतात आल्याचे दिसले. कोणालाही इजा झाली नाही. तरीही हा प्रकार तेथे गंभीर घटना म्हणून नोंदला गेला, त्याची रीतसर चौकशी झाली, आणि शंका येताच गाडी थांबवावी हे तत्त्व पुन्हा अधोरेखित करण्यात आले.

वेळेच्या धाकाने माणूस काय करून बसतो याचे याहून भयंकर उदाहरण त्याच देशातील आहे, मात्र ते साध्या मार्गावरचे आहे. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एका स्थानिक गाडीच्या तरुण चालकाने ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेले वळण ताशी ११६ किलोमीटर वेगाने घेतले. त्याच्यासह १०७ जण ठार झाले. गाडी सुमारे दीड मिनिट उशिरा धावत होती. उशीर करणाऱ्या चालकांना पुनर्शिक्षणाच्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा देण्याची पद्धत त्या रेल्वे कंपनीत होती, आणि त्या धास्तीचा चालकावर परिणाम झाला असावा, असे चौकशीतून पुढे आले. जपानी गाड्यांच्या सेकंदागणिक वक्तशीरपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी या दीड मिनिटाचाही हिशेब ठेवावा.

चीन आणि स्पेन येथील अपघातांचे स्वरूप वेगळे असले तरी तात्पर्य त्याच दिशेचे आहे. २३ जुलै २०११ रोजी चीनमधील वेनझोउजवळ वीज कोसळून सिग्नल यंत्रणा बिघडली; ज्या रुळांवर एक गाडी उभी होती तो मार्ग मोकळा आहे असे यंत्रणा दर्शवीत राहिली आणि मागून दुसरी गाडी येऊन आदळली. ४० जणांचा मृत्यू झाला. बिघाड झाल्यास यंत्रणेने लाल दिव्याकडेच झुकले पाहिजे, हा रेल्वेचा आद्य नियम तेथे पाळला गेला नव्हता. अपघातग्रस्त डबा घाईने मातीत पुरण्याचा प्रकार झाला तेव्हा चिनी जनतेने एरवी क्वचित दिसणारा संताप व्यक्त केला. पुढल्याच वर्षापर्यंत नव्हे, तर त्याच महिन्यांत तेथील वेगवान गाड्यांचा वेग कमी करणे शासनाला भाग पडले. स्पेनमध्ये २४ जुलै २०१३ रोजी सांतियागो दे कोंपोस्तेला शहराजवळ ताशी ८० किलोमीटरच्या वळणावर गाडी ताशी १७९ किलोमीटर वेगाने शिरली आणि ८० प्रवासी प्राणास मुकले. वेगवान मार्ग जेथे संपून साधा मार्ग लागतो त्या टप्प्यावर हे वळण होते. गाडीच्या वेगावर सतत पहारा ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा तेथे नव्हती. सारी भिस्त चालकाच्या अवधानावर होती आणि त्या क्षणी तो गाडीतीलच सहकाऱ्याशी दूरध्वनीवर बोलत होता. एका क्षणाच्या विस्मृतीची शिक्षा शेकडो माणसांना भोगावी लागेल अशी रचना ज्यांनी केली, त्यांची जबाबदारी चालकाहून कमी कशी मानावी?

पंधरा दिवसांचे अंतर

आता मुंबईकडे वळणे प्राप्त आहे. वेगवान गाडीची कोनशिला बसल्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गुदमरून मेली. कामावर निघालेली ती माणसे होती. त्यांना ताशी ३२० किलोमीटरचा वेग नको होता. जिन्यावर पाय ठेवावयास जागा हवी होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथे वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली फेकले गेले आणि त्यांतील काही दगावले. असे मृत्यू उपनगरी मार्गांवर एरवी रोज होतात. एकाच वेळी अनेक झाले म्हणून त्या दिवशी त्यांची बातमी झाली एवढेच. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात नमूद केले होते की, रूळ ओलांडताना वा तत्सम कारणांनी देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. कोणताही सुसंस्कृत समाज असे हत्याकांड चालवून घेणार नाही, अशा आशयाचे कठोर शब्द त्या समितीने वापरले होते.

म्हणून वेगवान गाडीवर जे रागावतात त्यांचा राग अनाठायी नाही. ज्या घरातून सकाळी निघालेला कारकून संध्याकाळी परत येईल याची खात्री नाही, त्या घराला दोन तासांत अहमदाबादला पोहोचण्याचे अप्रूप का असावे? तरीही नवी गाडी रद्द केली म्हणजे जुनी गाडी आपोआप सुरक्षित होईल, हे गृहीत धरण्यास आधार नाही. पूल अरुंद राहिले, फाटके राहिली, दारे उघडी राहिली ती वेगवान गाडीचा विचारही नव्हता तेव्हापासून. खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. नव्या मार्गासाठी जे नियम निर्विवादपणे स्वीकारले गेले, तेच नियम जुन्या मार्गासाठी मागितले की ते परवडत नाहीत असे सांगितले जाते. शिंकान्सेनच्या मार्गाला रोज सहा तास विश्रांती मिळते. मुंबईच्या रुळांना मध्यरात्रीनंतरचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात आणि रविवारचा मेगाब्लॉक हा प्रवाशाच्या दृष्टीने शिव्याशापांचा विषय ठरतो. वस्तुतः मेगाब्लॉक हे रेल्वेने प्रवाशावर लादलेले संकट नसून त्याच्या जीविताचा विमा आहे. तो रद्द झाल्याची बातमी आनंदाने वाचली जाते, हे समाजाच्या समजुतीचे अपयश आहे.

देशातील सर्वांत कटू धडा ओडिशातून आला. २ जून २०२३ रोजी बालासोर जिल्ह्यातील बहनगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्ग सोडून बाजूच्या मार्गावर शिरली व उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सिग्नलच्या तारांची जोडणी चुकीची होती. खरगपूर विभागातच २०२२ मध्ये दुसऱ्या एका स्थानकावर चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडून गेला होता, आणि त्या वेळीच उपाय योजले असते तर हा अपघात टळला असता, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत नोंदविले गेले. एशेडेचा कर्मचारी, ओकायामाचे तंत्रज्ञ आणि खरगपूर विभागातील ती आधीची घटना यांना जोडणारा धागा हाच: सूचना मिळाली होती, थांबले कोणी नाही. ‘कवच’ या स्वदेशी संरक्षण यंत्रणेचा त्या वेळी फार गवगवा झाला. तिला २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली होती, पण २०२३ च्या त्या दिवशी ती केवळ १,४६५ किलोमीटर मार्गावर बसली होती. देशातील लोहमार्ग ६८,००० किलोमीटरच्या घरात आहे. शिवाय तारा चुकीच्या जोडल्या गेल्या तर कोणतेही कवच अपुरे पडते, हेही विसरून चालणार नाही.

काय मागावे?

काकोडकर समितीने पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये सुरक्षिततेवर खर्च करावेत, सर्व फाटके बंद करावीत आणि रेल्वेवर देखरेख करणारे स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण स्थापावे, अशा शिफारशी केल्या होत्या. पैशाची तरतूद पुढे २०१७ मध्ये एका विशेष निधीच्या रूपाने झाली. त्या निधीतील काही रक्कम अग्रक्रमाच्या नसलेल्या कामांवर खर्च झाल्याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये ताशेरेही ओढले. स्वतंत्र प्राधिकरणाची शिफारस मात्र बासनातच राहिली. सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे कागदावर ते रेल्वेपासून अलग आहेत. पण त्यांचे निष्कर्ष सल्ल्याच्या स्वरूपाचे ठरतात आणि त्यांचे अहवाल सामान्य प्रवाशाच्या हाती क्वचितच पडतात. ज्या संस्थेला गाड्या वेळेवर चालविल्याबद्दल शाबासकी मिळते तिलाच गाड्या थांबविण्याचा निवाडा करावयास सांगणे हे तत्त्वतःच चुकीचे आहे.

मुंबई-अहमदाबाद मार्गावरून पहिली गाडी धावेल तेव्हा समारंभ होतील, छायाचित्रे झळकतील, गाडीच्या खिडकीत नाणे उभे करून ते पडत नाही हे दाखविले जाईल. त्या दिवशी विचारावयाचे प्रश्न आजच लिहून ठेवणे बरे. रात्रीचे देखभालीचे तास वेळापत्रकाच्या हव्यासापायी कमी केले जाणार नाहीत, याची हमी कोण देणार? संशय येताच गाडी थांबविणाऱ्या चालकाला वा तंत्रज्ञाला, संशय खोटा ठरला तरी, जाब विचारला जाणार नाही, असा लेखी नियम असेल काय? लहानसहान बिघाडांचे अहवालही प्रसिद्ध होतील काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेच तीन नियम कल्याण, वसई आणि पनवेलच्या मार्गांना कधी लागू होतील? रूळ तपासणारा गँगमन, सिग्नलच्या तारा जोडणारा तंत्रज्ञ, लोकलचा मोटरमन यांच्या सुरक्षेशी निगडित हजारो जागा रिकाम्या असल्याची कबुली शासनाने संसदेत वेळोवेळी दिली आहे. त्या जागा भरण्यासाठी जपानी कर्जाची किंवा परदेशी तंत्रज्ञांची गरज नाही.

वेगवान गाडी जपानकडून घेताना तिच्या तंत्रज्ञानाचा करार झाला आहे. १९६४ मध्ये नवी गाडी सुरू करून १९६६ पर्यंत जुन्या गाड्यांनाही आपोआप थांबण्याची यंत्रणा देणारी जी बुद्धी जपानने दाखविली, ती मात्र कोणत्याही करारात लिहून मिळत नाही. ती मागावी लागते, आणि ज्यांना रोज सकाळी ८.१५ ची लोकल पकडावी लागते त्यांनीच ती मागितली पाहिजे.